दारू सोडवायची पूड

साखऱ्याच्या आसपासच्या गावांमध्ये लक्ष्मीबाईंना ओळखत नाही असं घर सापडणं अवघड होतं. नवरा वारल्यानंतर त्यांनी बायका गोळा केल्या, सेनगावच्या तहसीलवर मोर्चे नेले आणि आपल्या गावातलं देशी दारूचं दुकान बंद पाडलं. दुकान गेलं तरी चोरून विकणारे होतेच. कुणाचा नवरा पिऊन आला की त्याची बायको लक्ष्मीबाईंच्या दारात यायची. मग लक्ष्मीबाई त्या माणसाला विहाराच्या ओट्यावर बोलवायच्या आणि चारचौघांत उभं करून, पुन्हा पिणार नाही असं त्याच्या तोंडून वदवून घ्यायच्या. जिवनबाईच्या नवऱ्याला, अमृतरावला, त्यांनी असंच उभं केलं होतं तेव्हा तो पन्नाशीचा माणूस लेकरासारखा रडला होता. नंतर तो पिणं सोडून गावात मान खाली घालून जगला आणि तसाच गेला.

लक्ष्मीबाईंच्या बोलण्याला वजन होतं, कारण त्यांच्या घरात दारू नव्हती. नवरा पीत नव्हता. मुलगा प्रेमानंद तर सुपारीचं खांडही तोंडात टाकत नसे. तो सेनगावच्या एका खाजगी शाळेची बस चालवायचा. उंच, भरल्या अंगाचा, हसतमुख. बसमधली पोरं त्याला मामा म्हणायची.

त्या दिवाळीनंतर प्रेमानंद बदलायला लागला.

पहिल्यांदा लक्षात आलं ते त्याच्या बायकोच्या, राणीच्या. तो जेवायला बसला की भाकरीवर भाकरी संपवायचा, आणि तरी पँट कमरेवरून घसरायची. ऐन थंडीत गोधडी फेकून अंगणात बाज टाकून निजायचा. अंगाला सारखा घाम. रात्रीतून उठून बसायचा आणि म्हणायचा, "छातीत लई धडधडून राहिलं गं." बारीकसारीक गोष्टीवरून अंगावर धावून जायचा आणि मग स्वतःच कोपऱ्यात बसून राहायचा. डोळे लाल आणि वटारल्यासारखे दिसायला लागले. चहाचा कप धरला की बशी वाजायची.

लक्ष्मीबाईंनी असे हात आणि असे डोळे आयुष्यभर पाहिले होते. ते कशाचे असतात हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती.

 प्रेमानंद आंघोळीला गेला की त्या त्याचा शर्ट उचलून वास घ्यायला लागल्या. एकदा बस अंगणात उभी असताना तिच्या सीटखाली हात घालून बघितलं. काही सापडलं नाही. सापडलं नाही म्हणून मन शांत व्हायला हवं होतं, पण झालं उलटंच. पोरगं आता लपवायलाही शिकलं, असं त्यांना वाटलं.

गाव बघतच होतं. नळावर एक दिवस जिवनबाईनं त्यांना बाजूला घेतलं आणि हळू आवाजात म्हणाली, "बाई, राग मानू नका. प्रेमानंदाकडं बघा जरा. आमच्याबी घरात असंच सुरू झालं होतं."

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. टोमणा असता तर लक्ष्मीबाईंनी परतवला असता. त्या घागर अर्धीच भरून घरी आल्या.

मग बसचं झालं. साखरा ओलांडल्यावर वळणावर एक म्हैस आडवी आली आणि प्रेमानंदनं कचकन ब्रेक मारला. मागच्या सीटवरची वैष्णवी नावाची छोटी मुलगी पुढच्या दांडीवर आपटली, तिचा ओठ फाटला. ते एखाद्या वेळी कुणाच्याही हातून झालं असतं. पण पोरं घाबरून ओरडायला लागली तेव्हा प्रेमानंद त्यांच्यावरच असा ओरडला, की दोघं-तिघं बसमध्येच रडायला लागली. संध्याकाळी वैष्णवीचे वडील शाळेत गेले. त्यांनी ड्रायव्हरचे डोळे बघितले, थरथरणारे हात बघितले. संस्थेच्या माणसानं प्रेमानंदला बोलावून सांगितलं, "सध्या घरीच राहा. आमाला लेकरांच्या जिवाशी खेळता येत न्हाई."

"साहेब, मी घेत न्हाई. तुमी कुणालाबी विचारा."

"आमी काय म्हणलं का तसं? घरी राहा म्हणलं फक्त."

तसं कुणीच म्हणत नव्हतं. पण प्रत्येकाच्या नजरेत तेच असायचं.

पुढच्या पौर्णिमेला विहारात वंदना झाली. लोक उठायच्या आधीच लक्ष्मीबाई उभ्या राहिल्या. त्यांनी रात्रभर विचार केला होता. दुसऱ्यांच्या नवऱ्यांना ओट्यावर उभं करणाऱ्या बाईनं आपल्या पोराला झाकलं, असं म्हणायला त्यांना कुणाला जागा ठेवायची नव्हती.

"प्रेमानंद, उठ," त्या म्हणाल्या. "इकडं पुढं ये."

प्रेमानंदला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा त्याचा चेहरा काळवंडला. तो उठून पुढं आला. राणी बायकांमध्ये बसली होती, तिनं पदर डोळ्यांपर्यंत ओढला.

"पंचशीलातलं पाचवं वचन तू लहानपणापासून म्हणतोस. आज बाबासाहेबांसमोर, बुद्धासमोर म्हण. मी दारूला शिवलो न्हाई आन शिवणार न्हाई."

"माय, मी घेतच न्हाई."

"मंग म्हणायला काय जातंय? हात वर कर."

त्यानं हात वर केला. हात पानासारखा हलत होता. त्यानं तो दुसऱ्या हातानं धरायचा प्रयत्न केला, तर तोही हलायला लागला. मागं कुणीतरी फिसकन हसलं. प्रेमानंदनं वाक्य पुरं केलं, पण त्याचा आवाज पहिल्या ओळीत बसलेल्यांनाच ऐकू गेला. मग तो आईच्या अगदी जवळ आला.

"माझ्या तोंडाचा वास घे," तो म्हणाला. "सगळ्यांसमोर घे."

लक्ष्मीबाईंनी मान दुसरीकडं वळवली. वास येत नव्हता, हे त्यांना एक हात अंतरावरूनही कळत होतं. पण माणसांनी भरलेल्या त्या जागेत आता मागं कसं फिरायचं, हे त्यांना सुचलं नाही. त्या म्हणाल्या, "आजकाल बिनवासाच्याबी वस्तू निघाल्यात."

प्रेमानंद चप्पल न घालताच विहारातून बाहेर पडला.

त्यानंतर लक्ष्मीबाईंनी जे केलं, ते त्यांनी कुणालाही सांगितलं नाही. हिंगोलीच्या आठवडी बाजारात एक माणूस ताडपत्री अंथरून जडीबुटी विकायला बसतो. कागदाच्या पुड्यांवर हातानं लिहिलेलं असतं, 'दारू हमखास सुटते.' बायकांच्या बैठकीत लक्ष्मीबाई स्वतः सांगायच्या की असल्या पुड्यांच्या नादी लागू नका, कशात काय असतंय कुणाला ठाऊक. आता त्याच त्या ताडपत्रीपुढं उकिडव्या बसल्या.

"पिणाऱ्याला कळणारबी न्हाई, मावशी," तो माणूस म्हणाला. "वरणात टाका, न्हाईतर भाजीत टाका. पोटातून दारूची वासनाच जाईल."

त्यांनी पदर कपाळावर ओढून इकडंतिकडं बघितलं, कुणी ओळखीचं नव्हतं. पुडी कमरेच्या पिशवीत टाकून त्या घरी आल्या.

तेव्हापासून प्रेमानंदचं ताट वाढायचं काम त्यांनी स्वतःकडं घेतलं. राणीला वाटलं, विहारातल्या प्रकाराचं वाईट वाटून सासूबाई लेकाला जवळ करून राहिल्या. तिला बरंही वाटलं. प्रेमानंद आईशी बोलत नव्हता, पण समोर ठेवलेलं खात होता. पुढं त्याला मळमळायला लागलं. पोटात दुखायचं, अंगाला खाज सुटायची, कधी जेवल्या जेवल्या उलटी व्हायची. तो आणखीच वाळला. गालाची हाडं वर आली आणि डोळे त्यातून बाहेर पडतील असे दिसायला लागले. लक्ष्मीबाई स्वतःला सांगायच्या, औषध लागू पडून राहिलं, आतली घाण निघून राहिली.

राणीनं शेवटी नणंदेला, सपनाला, फोन केला. सपना कुरुंद्याला दिली होती. तिच्या सासरी हळदीची शेती होती. ती दुसऱ्याच दिवशी एसटीनं आली.

ओसरीवर भिंतीला टेकून बसलेल्या भावाकडं बघून ती दारातच थांबली. मग जवळ जाऊन तिनं त्याच्या गळ्याकडं बघितलं. घाटीच्या खाली, दोन्ही बाजूंना, मऊसर फुगवटा होता. पाणी पिताना तो वरखाली होत होता.

"दादा, हे कधीपासनं?"

"काय?"

"गळा सुजल्यावानी झालाय."

"वाळलो म्हणून दिसत असंल."

सपना म्हणाली, "तू थायरॉईडचं रक्त तपासून घे. उद्याच."

स्वयंपाकघरातून लक्ष्मीबाईंनी ते ऐकलं आणि त्या हातातलं काम टाकून बाहेर आल्या. "सपे, आत ये जरा."

आत नेऊन त्यांनी दार लोटलं. "तोंडातून तो शब्द काढू नको. राणी ऐकून राहिली. तिचं माहेर वसमतला, कुरुंद्याच्या जवळच हाय, तुझ्या सासरी बातमी जायला वेळ लागायचा न्हाई."

यामागं जुनी गोष्ट होती. लग्नाआधी सपनाला हा आजार निघाला होता. चेहरा सुजायचा, केस ओंजळीनं गळायचे, भर उन्हात अंगाला थंडी वाजायची आणि कॉलेजात बसल्या बसल्या झोप लागायची. आवाज बसका झाला होता. घरातले तिला आळशी म्हणायचे, वजन वाढलं म्हणून चिडवायचे. हिंगोलीच्या डॉक्टरांनी तपासणी करून सांगितलं, गळ्यातली ग्रंथी मंदावली आहे, रोज एक गोळी घ्यावी लागेल, बहुतेक जन्मभर. गोळीनं ती पहिल्यासारखी झाली. पण स्थळ आलं तेव्हा लक्ष्मीबाईंनी तिला बजावलं, "जन्माची गोळी म्हणलं की लोक पाय मागं घेतात. सांगू नको. मंग लग्न झाल्यावर बघू." लग्न झालं, तरी बघायचं राहून गेलं. सपना टिकल्यांच्या डबीत गोळ्या ठेवायची. सकाळी घरात माणसं असायची म्हणून दुपारी जेवण आटोपलं, सासू शेताकडं गेली, की चहासोबत गोळी घ्यायची. कधी सासू घरीच राहिली तर गोळी चुकायची.

"पण दादाला तेच असंल तर?" सपना म्हणाली.

"त्याला काहून असंल? तू फुगली होतीस. ह्यो तर वाळून राहिला. ते बायकांचं दुखणं हाय."

"ते दोन्हीकडनं होतं, माय. डॉक्टरांनी मला तवाच सांगितलं होतं. कुणाची ग्रंथी मंद होती, कुणाची वेडी."

लक्ष्मीबाई पुन्हा चुलीकडं वळल्या. पण सपना ऐकणारी नव्हती. आईच्या सांगण्यावरून ती स्वतःबद्दल गप्प राहिली, तरी भावाला तिनं सेनगावला नेऊन रक्त द्यायला लावलं. रिपोर्ट आला तेव्हा सेनगावच्या डॉक्टरांनी तो बघून तडक हिंगोलीला जायला सांगितलं.

हिंगोलीच्या दवाखान्यात प्रेमानंद, राणी, सपना आणि लक्ष्मीबाई असे चौघं गेले. लक्ष्मीबाईंना कुणी चला म्हटलं नव्हतं, त्या आपणहून आल्या. डॉक्टर राजनंदिनी चाळिशीच्या होत्या. कमी बोलायच्या आणि माणसाकडं सरळ बघायच्या. त्यांनी प्रेमानंदला दोन्ही हात पुढं करायला सांगितले आणि पसरलेल्या बोटांवर एक कोरा कागद ठेवला. कागद फडफडायला लागला. प्रेमानंदनं शरमेनं हात मागं घेतले.

"राहू द्या, राहू द्या," डॉक्टर म्हणाल्या. "हे तुमच्या हातात नाही." त्यांनी नाडी बघितली, पाठीमागं उभं राहून गळा चाचपला, डोळे तपासले. मग रिपोर्ट समोर घेतला.

"गळ्यात समोर फुलपाखराच्या आकाराची एक ग्रंथी असते, थायरॉईड. ती जे द्रव्य रक्तात सोडते, त्यावर शरीर किती वेगानं चालायचं ते ठरतं. हृदय, पोट, झोप, घाम, मन, सगळं. तुमच्या शेतातल्या टाकीसारखं समजा. द्रव्य कमी पडलं की मेंदू मोटर चालू करायला सांगतो, टाकी भरली की थांबवतो. हा टीएसएच म्हणजे मेंदूचा तो निरोप. तुमचा टीएसएच जवळजवळ शून्य आहे. म्हणजे टाकी कधीच भरलीय, मेंदूनं सांगायचंच सोडून दिलंय. पण मोटर चालूच आहे. तुमच्याच रक्तातली काही प्रथिनं मेंदूचा निरोप असल्यासारखी त्या ग्रंथीला डिवचताहेत. टाकी भरून वाहतेय."

"म्हणून हात..." राणी म्हणाली.

"हात, घाम, धडधड, वजन उतरणं, चिडचिड. डोळे पुढं आलेत तेही त्यातलंच. किती दिवसांपासून आहे हे?"

"दिवाळीपासनं," राणी म्हणाली. डॉक्टरांनी विचारलं, "घरात आणखी कुणाला थायरॉईडचा त्रास आहे?"

लक्ष्मीबाई म्हणाल्या, "न्हाई."

ते इतक्या सवयीनं त्यांच्या तोंडून निघालं, की आपण खोटं बोललो हे त्यांना नंतर कळलं. सपनानं आईकडं बघितलं. मग राणीकडं. मग म्हणाली, "मला आहे, मॅडम. लग्नाआधीपासनं. माझी मंद आहे."

राणीची मान झटकन वळली.

"गोळी घेता?"

"घेते. दुपारी. जेवल्यावर, चहासंगं. कवाकवा चुकती."

"दुपारी का? ही गोळी सकाळी उपाशीपोटी घ्यायची असते, आणि त्यानंतर थोडा वेळ चहासुद्धा नाही. नाही तर ती अंगात नीट भिनतच नाही. तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं?"

"सांगितलं होतं," सपना म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला. "घरी ठावं न्हाई, म्हणून लपून घ्यावी लागती." मग तिनं विचारलं, "मॅडम, मागच्या वर्षी माझं पोट पडलं. त्याचा ह्याच्याशी काही...?"

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "थायरॉईड ताब्यात नसेल तर गर्भ टिकायला अडचण येऊ शकते. तुमच्या बाबतीत तेच झालं असं मी सांगू शकत नाही, कुणीच सांगू शकणार नाही. पण यापुढं गोळी नीट घ्यायची, आणि दिवस राहिले की लगेच तपासणी करायची."

लक्ष्मीबाई खुर्चीच्या कडेवर बसल्या होत्या. पोट पडलं तेव्हा त्या कुरुंद्याला गेल्या होत्या. लेकीच्या डोक्यावरून हात फिरवला होता, नशीब म्हणाल्या होत्या. टिकल्यांच्या डबीची तेव्हा त्यांना आठवणही झाली नव्हती.

डॉक्टर पुन्हा रिपोर्टकडं वळल्या. एका ओळीवर त्यांचं बोट थांबलं. "यकृताचे आकडे वाढलेले आहेत. तुमची गोळी सुरू करायच्या आधी मला ते समजून घ्यायला हवं." त्यांनी प्रेमानंदकडं बघितलं. "दारू घेता का? खरं सांगा, इथं कुणी तुम्हाला रागावणार नाही."

प्रेमानंद हसला. ते हसू बघून राणीनं डोळे पुसले. "मॅडम, ह्या सवालाचं उत्तर मी लई दिलं. आता माझ्या मायला विचारा. तिला जास्त ठावं."

सगळ्यांनी लक्ष्मीबाईंकडं बघितलं. कोपऱ्यात पंखा फिरत होता. 

"तो घेत न्हाई," त्या म्हणाल्या. "कधीच घेतली न्हाई."

"मग दुसरं काही औषध? गावठी, जडीबुटी?"

"मी दिली."

"काय दिलं?"

"पूड. दारू सोडवायची. बाजारातून आणली होती. त्याच्या वरणात टाकत होते." त्या डॉक्टरांकडंच बघून बोलत होत्या, कारण दुसरीकडं बघायची त्यांची हिंमत नव्हती. "त्याला ठावं नव्हतं. कुणालाच ठावं नव्हतं."

राणीच्या तोंडून "आत्याबाई" एवढंच निघालं. प्रेमानंद जागचा हलला नाही. मांडीवर ठेवलेल्या आपल्या हातांकडं तो बघत राहिला.

डॉक्टरांनीही त्यांना बोल लावला नाही. एखादा कडक शब्द त्या बोलल्या असत्या तर लक्ष्मीबाईंना सोपं गेलं असतं. डॉक्टर म्हणाल्या, "आजपासून बंद. असल्या पुड्यांमध्ये काय असतं ते विकणाऱ्यालाही माहीत नसतं. हे आकडे त्या पुडीनं वाढले की आजारानं, हे आता वेगळं काढता येणार नाही. थायरॉईड इतकं वाढलं तरी यकृतावर ताण येतो. आपण सांभाळून सुरू करू. धडधड आणि थरथर कमी करायला एक गोळी, आणि ग्रंथीचं काम कमी करायला दुसरी, कार्बिमाझोल. गुण यायला काही आठवडे लागतील, घाई करायची नाही. मधेच ताप आला, घसा दुखला, तर ती गोळी थांबवायची आणि त्याच दिवशी येऊन रक्त तपासायचं. आणि डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवून घ्या."

 दवाखान्यातून निघून हिंगोलीच्या स्टँडकडं जाताना राणी सासूच्या बाजूनं चालायला लागली आणि समोर बघत म्हणाली, "आत्याबाई, आजपासनं त्यांचं ताट मी वाढीन."

"व्हय," लक्ष्मीबाई म्हणाल्या.

सपनाला तिथूनच परत जायचं होतं. ती आईच्या पाया पडायला वाकली, पण लक्ष्मीबाईंनी तिला वाकू दिलं नाही.

प्रेमानंदला हळूहळू उतार पडत गेला. पहिल्यांदा छातीची धडधड थांबली, मग झोप लागायला लागली. हाताची थरथर कमी होत होत इतकी राहिली, की बघायचं म्हणून बघितलं तरच दिसावी. अंगावर मांस चढलं. यकृताचे आकडेही खाली आले. डोळे मात्र पुरते मागं गेले नाहीत. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की ते आपल्या वेळेनं जातील, कदाचित थोडे तसेच राहतील. नवा माणूस भेटला की तो अजूनही क्षणभर त्या डोळ्यांकडं बघून मग नजर काढून घ्यायचा. शाळेनं दुसरा ड्रायव्हर ठेवला होता. प्रेमानंद रिपोर्ट घेऊन तिकडं गेला नाही. राणीनं जा म्हटलं तर म्हणाला, "त्या लेकरांच्या समोर मी कसा वागलो ते मला ठावं हाय. आजार असो न्हाईतर काही असो." एक दिवस मात्र तो वैष्णवीच्या घरी जाऊन आला. तिथं काय बोलला ते त्यानं सांगितलं नाही.

लक्ष्मीबाईंना वाटत होतं, विहारात उभं राहून सगळ्यांसमोर सांगावं. जिथं पोराची मान खाली घातली तिथंच आपली घालावी. पौर्णिमेच्या आदल्या दिवशी त्यांनी प्रेमानंदला तसं म्हटलं. तो शेतातला वखर नीट करत बसला होता.

"नको," तो म्हणाला.

"लोकांना कळाया पाहिजे."

"तू उठशील, बोलशील. लोक म्हणतील, बाई किती खरी, सगळ्यांसमोर चूक मानली. आन मी पुन्हा तिथंच उभा, सगळे माझ्याकडं बघून राहिलेले. मला पुन्हा लोकांसमोर उभं करू नको, माय."

 पौर्णिमेला विहारात काही न बोलता लक्ष्मीबाई एकट्याच एकेका घरी गेल्या आणि पोरगं पीत नव्हतं, आजारी होतं, हे सांगून आल्या. पहिल्यांदा जिवनबाईकडं गेल्या. प्रेमानंदचं सांगून झाल्यावर त्यांनी अमृतरावाचं नाव काढलं. जिवनबाई ऐकत राहिली, मग म्हणाली, "त्यांनी सोडली ते तुमच्यामुळंच, बाई. मी उपकार इसरले न्हाई." दारापर्यंत पोचवायला येताना तिनंच पुढं जोडलं, "पण मंग ते कवा हसलेबी न्हाईत." 

कुरुंद्याचं राहिलं होतं. हळद शिजवण्याचे दिवस सरत आले तेव्हा त्या निघाल्या. प्रेमानंद म्हणाला, "मी येतो." 

सपनाच्या सासूचं, सत्यभामाबाईंचं, अंगण वाळत घातलेल्या हळदीनं भरलं होतं. पाय ठेवायला जागा नव्हती. प्रेमानंद बाहेर लिंबाखाली थांबला. लक्ष्मीबाई कडेकडेनं ओसरीवर गेल्या, जय भीम झाला, पाणी आलं. पाण्याला हात लावायच्या आधी त्यांनी सांगून टाकलं. आजार, गोळी, डबी, सगळं. "पोरीची चूक न्हाई. मीच सांगू दिलं न्हाई. तुमी नकार द्याल म्हणून भ्याले."

सपना चौकटीला धरून उभी होती. सत्यभामाबाईंचा चेहरा आधी कोरा होता, मग लाल झाला.

"म्हणजे एवढी वर्सं माझ्या घरात लेकरू चोरून गोळी खाऊन राहिलं," त्या म्हणाल्या. "आमी काय तिला हाकलून देणार होतो? आमी कोण वाटलो तुमाला, विहीणबाई?"

"माफ करा."

"आन मागच्या वर्षी?" सत्यभामाबाईंचा आवाज एकदम उतरला. "तवा मी तिला बोलले होते. काही नीट सांभाळत न्हाई, दिवसा झोपती, म्हणून बोलले होते. मला ठावं असतं तर मी बोलले असते का? तुमी मलाबी पापात घातलं."

लक्ष्मीबाईंनी हात जोडले. सत्यभामाबाईंनी त्या हातांकडं बघितलंही नाही. त्या उठल्या, सुनेला म्हणाल्या, "ती डबी आण." सपनानं आणली. सत्यभामाबाईंनी ती उघडून बघितली आणि देव्हाऱ्याच्या जागी जिथं बुद्धाची मूर्ती होती, तिथल्या फळीवर उघड्यावर ठेवली. "उद्यापासनं उठल्या उठल्या घ्यायची. चहा मी उशिरानं करीन." मग विहिणीकडं न वळता म्हणाल्या, "जेवून जा."

"न्हाई, बस चुकंल," लक्ष्मीबाई म्हणाल्या. त्यांना थांबवायला कुणी आग्रह केला नाही.

फाट्यावर प्रेमानंद आणि त्या बसची वाट बघत बसले. हळदीचे ढीग घेऊन ट्रॅक्टर जात होते आणि रस्त्यावर पिवळी धूळ उडत होती.

"काय म्हणल्या?" त्यानं विचारलं.

"रागावल्या. लई."

"रागावणारच."

 मग प्रेमानंद रस्त्याकडं बघत म्हणाला, "माय, एक विचारू? तुला वास येत नव्हता. सीटखाली काही सापडलं न्हाई. मंग इश्वास काहून ठेवला न्हाईस?"

त्यानं सीटचं बघितलं होतं तर. लक्ष्मीबाईंनी खोटं काही शोधलं नाही. "मला तुझी काळजी नव्हती लेकरा," त्या म्हणाल्या. "म्हणजे होती. पण तिच्या आधी माझ्या नावाची होती. लोक म्हणतील, दुसऱ्याचे नवरे सुधरवती आन घरात बघा. तेच कानात वाजायचं. सपनीच्या वक्तालाबी तेच."

प्रेमानंदनं मान हलवली. त्याला हे माहीत असावं, फक्त तिच्या तोंडून ऐकायचं असावं, असं ते मान हलवणं होतं. माफ केलं, असं तो म्हणाला नाही. लांबून बस येताना दिसली तेव्हा तो उठला आणि त्यानं पिशवी खांद्याला लावली.

"पुढच्या खेपेला हिंगोलीला तूबी चल," तो म्हणाला. "डॉक्टरीण म्हणली, दोघांना निघालंय तर आईचंबी रक्त बघू. आजकाल तुला लई थंडी वाजती, राणी सांगत होती."

"मला काय होतंय," असं त्यांच्या ओठांवर आलं होतं.

"चलते," त्या म्हणाल्या, आणि त्याच्या मागोमाग बसमध्ये चढल्या.